कथा पुढे, कुंचला मागे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचा, हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून तोंडांबद्दलच लिहितो आहोत. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडया भरतील, मग शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्रीची नाटकं, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. या सगळ्या ठिकाणी आता फेस पेंटिंगचं स्टूल हमखास दिसतं. पोराला बसवायचं, गालावर वाघ नाहीतर फुलपाखरू काढायचं, पैसे घ्यायचे. शाळांनी त्याला कथाकथनाची जोड द्यायला सुरुवात केली आहे, आणि ती कल्पना चांगली आहे. फक्त ती राबवली जाते उलटी. आधी वर्गात दहा पोरं रंगवून ठेवतात, मग ती मंचावर ओळीनं उभी करतात आणि मास्तर माइकवरून गोष्ट वाचतात. वाघ पहिल्या मिनिटालाच दिसलेला असतो. गोष्टीत तो सातव्या मिनिटाला येतो तेव्हा कोणी मान वर करत नाही. तोवर घामानं त्याची मिशी हनुवटीवर उतरलेली असते, ते वेगळंच.

रंग लोकांसमोर लागला पाहिजे, आणि गोष्टीनं जेवढं सांगितलं तेवढाच लागला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं आहे.

चित्र दाखवत कथा सांगणं महाराष्ट्राला नवीन नाही. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातले प्रसंग सांगत आले. इथे कागदाच्या जागी पोराचा चेहरा आहे, आणि चित्र डोळ्यांदेखत तयार होतं. अमेरिकेत ख्रिस्तोफर अगोस्टिनो हे कलाकार प्रेक्षकांतल्या एकेकाला बोलावून, गोष्ट सांगता सांगता त्याचा चेहरा रंगवतात. कथकलीचा दाखला मात्र इथे लागू करू नये. तिथे नट पडद्यामागे आडवा पडून राहतो आणि चुट्टीचं, म्हणजे जबड्याभोवतीच्या पांढऱ्या कडेचं, काम तासन्‌तास चालतं. हिरवा चेहरा दिसला की हा धीरोदात्त नायक, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. आपल्याकडे रंगांचा असा ठरलेला करार नाही. नारिंगी म्हणजे काय, हे गोष्टीनंच सांगावं लागतं, म्हणून गोष्ट पुढे आणि कुंचला मागे.

सगळ्यांना पाठ असलेली लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट घेऊ. पहिला अडसर भाषेचा. पुस्तकात भोपळा असतो, पण आपल्या भागात त्या नारिंगी फळाला घरोघरी कोहळं म्हणतात, पोळ्याला त्याचीच बोंडं होतात. सांगणाऱ्यानं 'कोहळं' आणि 'बुढी' हेच शब्द वापरावेत. कोल्ह्यानंही "कुठं चालली वं बुढे?" असंच विचारावं. रंग बघून पोरांनी वस्तू ओळखायची आहे, तिथे शब्द परका ठेवून चालत नाही.

या गोष्टीला पाच रंग पुरतात: पांढरा, नारिंगी, विटकरी, हिरवा, काळा. एकच पोर, एकच चेहरा. आरंभी चपट्या कुंचल्यानं दोन्ही भुवया पांढऱ्या करायच्या आणि नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत दोन पांढऱ्या रेषा ओढायच्या. बुढी झाली. कोल्हा भेटतो तेव्हा नाकाच्या दांड्यावर नारिंगीचा एकच पट्टा, खाली निमुळता. वाघ भेटतो तेव्हा तोच नारिंगी स्पंजनं कपाळावर आणि गालांवर थापायचा, पण पांढऱ्या भुवया आणि तोंडाभोवतालचा भाग सोडून. या घडीला चेहरा बुढीचाही नाही आणि वाघाचाही नाही. प्रेक्षक बुचकळ्यात पडतात, आणि पडू द्यावेत.

पुढे बुढी लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते. इथे कुंचला अजिबात चालवायचा नाही. सांगणाऱ्यानं हा भाग दीड-दोन मिनिटं रंगवून सांगावा, कारण तेवढ्यात खालचा थर वाळतो. पौषातल्या रात्री उघड्यावर तो वाळायला दिवसापेक्षा बराच जास्त वेळ घेतो. घाई करून ओल्या नारिंगीवर विटकरी ओढला की रेघेचा चिखल होतो.

परतीला कोहळं येतं. कपाळापासून गालांवरून हनुवटीकडे विटकरी रंगाच्या पाच-सहा बाकदार उभ्या रेघा, म्हणजे कोहळ्याच्या फोडी, आणि दोन भुवयांच्या मधोमध हिरवं देठ. पोरं "टुणुक टुणुक" म्हणू लागतात तसतशा रेघा वाढवायच्या. शेवटी वाघाला संशय येतो, आणि आतापर्यंत पेटीत राहिलेला काळा बाहेर निघतो. गालांवर बाहेरून आत येणारे तीन-तीन पट्टे, कपाळावर देठाच्या दोन्ही बाजूंनी आडवे फटकारे, नाकाचा शेंडा, मिशांचे ठिपके. बुढीच्या पांढऱ्या भुवया आता वाघाच्या डोळ्यांवरचे पांढरे डाग झालेले असतात, तोंडाजवळच्या दोन पांढऱ्या रेषा त्याचा जबडा. चेहऱ्यावरचं काहीही पुसलेलं नाही. पोरानं मान फिरवून गुरगुरायचं. बुढी निसटली की नाही, ते सांगणारा सांगेल.

काळा शेवटी, हा नियम मोडला की सगळं बिघडतं. काळ्यावर पिवळा किंवा नारिंगी चढत नाही, पिवळा शेवाळासारखा मळकट हिरवा होतो आणि नारिंगी मळकट तपकिरी, आणि ते निवळायचं तर पूर्ण चेहरा धुवावा लागतो. पट्टा चुकलाच तर पुसू नये. पुसलेला काळा पसरतो, त्यापेक्षा जाड केलेला पट्टा वाघाला शोभतो.

अख्खी गोष्ट अकरा-बारा मिनिटांची. त्यात कुंचला प्रत्यक्ष कातडीला सहा मिनिटांपेक्षा जास्त टेकू नये. सात वर्षांखालचं पोर तेवढाही वेळ स्थिर बसत नाही, म्हणून सात ते दहा वयाचं, आणि आपल्या मर्जीनं पुढे आलेलं पोर घ्यावं. मागून ढकलून आणलेलं नको. आणखी एक मेख आहे. विनोदी वाक्याला पोर स्वतःच हसतं, गाल वर जातात आणि रेघ वाकडी होते. त्यामुळे सांगणारा संवाद बोलत असताना रंगवणाऱ्यानं हात खाली ठेवावा, आणि प्रेक्षक ध्रुपद, म्हणजे 'टुणुक टुणुक'सारखी पुन्हा पुन्हा येणारी ओळ, म्हणत असतील तेव्हा कुंचला चालवावा. ही वेळ जुळायला दोघांनी निदान पाच-सहा वेळा कोरडी तालीम करावी. कोरडा कुंचला, कोरडं तोंड, फक्त हाताच्या जागा. एकाच माणसानं सांगायचं आणि रंगवायचंही ठरवलं तर हातातला माइक चालत नाही, कॉलर माइक लागतो. पण नवख्यांनी दोघंच असावं.

उजव्या हाताचा रंगवणारा पोराच्या उजव्या अंगाला, किंचित मागे उभा राहतो. मग चेहऱ्यासमोर फक्त मनगट येतं. प्रत्येक टप्पा संपला की हात खाली आणि एक पाऊल मागे. हे पाऊल विसरतं. अर्धी गोष्ट प्रेक्षक रंगवणाऱ्याची पाठ बघत बसतात आणि मग म्हणतात, काही दिसलंच नाही. स्टूल अडीच फूट उंच, पाय टेकायला खाली आडवी पट्टी. लोंबकळते पाय हलतात, पाय हलले की डोकंही हलतं.

प्रेक्षक दीडशेच्या वर गेले की हा प्रयोग फसतो. नाटकाच्या शामियान्यात हजार-दोन हजार माणसांपुढे पोराचा चेहरा म्हणजे सुपारीएवढा ठिपका. शाळेचा व्हरांडा, समाजमंदिर, पिंपळाचा पार या याच्या जागा. लहानांना पुढे सतरंजीवर बसवावं, मोठ्यांनी मागे उभं राहावं. तीस फुटांवरून बारीक नक्षी दिसत नाही, करंगळीएवढ्या रुंद रेघा दिसतात. उजेडासाठी दोन पांढरे एलईडी दिवे, पोराच्या डाव्या-उजव्या बाजूंनी तिरपे, डोक्याच्या वर. हॅलोजन जवळ ठेवला तर दोन मिनिटांत कपाळ पाझरतं. जुना पिवळा सोडियम दिवा असेल तर कार्यक्रम दिवसाच करावा. त्या उजेडात जवळजवळ फक्त पिवळा प्रकाश असतो, लाल काळपट दिसतो, हिरव्याची राख होते.

आता सामानाकडे येतो, कारण खरी हानी इथे होते. स्टेशनरीच्या दुकानातले पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक कातडीसाठी नाहीत. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं ते कागदावर वापरताना धोका नाही एवढ्यासाठी, तोंडाला थापा असं त्यात म्हटलेलं नाही. ॲक्रिलिक वाळून प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो आणि सोलताना भुवयांचे केस घेऊन निघतो. होळीचा उरलेला रंग, घराचा ऑइलपेंट, शेंदूर, काळी मेंदी, सगळं बाद. अस्सल शेंदूर शिशाचा असतो. लोकनाट्यात पूर्वी गोरेपणासाठी वापरायचं ते मुरदाडशिंगही शिशाचंच. काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असू शकतं, त्यानं फोड येतात.

'मग घरचंच वापरू' असंही कोणी म्हणतं. गेरू आणि चाळलेला कोळसा ठीक आहे, पण तांदळाच्या पिठाचा लेप पहिल्याच हसण्याला तडकतो. हळद लावलेलं तोंड साबणानं धुतलं की लालभडक होतं, कारण साबण अल्कधर्मी असतो. त्यात अपाय काही नाही, पण घरी माय घाबरते. चुना मात्र कोणत्याही कारणानं तोंडाजवळ आणू नये.

घ्यायचे ते पाण्यानं ओले करून वापरायचे, कातडीसाठी बनवलेले वडीचे रंग. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांतले रंगद्रव्य भारतीय मानकांच्या यादीतलंच असावं लागतं, आणि त्यात शिसं दशलक्षात २० भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ती वडी कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. तीस ग्रॅमची वडी पूर्ण चेहऱ्यांना वापरली तरी पन्नासेक चेहरे सहज जाते. एका पोराच्या एका प्रयोगाला रंग लागतो किती? चिमूटभर. मंडई समित्यांना खर्चाची जी भीती वाटते ती उगाच. त्याच पैशांत दहा पोरं वाईट रंगांनी रंगवून होतात, एवढाच फरक.

रंग दुधावरच्या सायीइतका घट्ट हवा. ताकासारखा पातळ झाला की ओघळतो, पिठासारखा कोरडा राहिला की कुंचला खरवडतो. स्पंजावर फवाऱ्याचे दोन-तीन फवारे पुरे. सावळ्या कातडीवर पिवळा किंवा नारिंगी थेट लावला तर बुडून जातो. त्याखाली पांढऱ्याचा पातळ हात फिरवून, वाळू देऊन मग वर लावावा. पण तेवढ्यापुरताच. पूर्ण चेहरा पांढराफटक करून त्यावर चित्र काढण्याची जी खोड आहे ती सोडावी. कावळा, म्हैस, रात्र, ओली माती यांना पोराची सावळी कातडीच उत्तम पार्श्वभूमी आहे. तिथे फक्त कडा काढायच्या.

हिवाळ्यात एक खास आपल्याकडची अडचण येते. माय पोराला तोंडभर तेल चोपडून पाठवते आणि पाण्याचा रंग त्यावर धरत नाही, थेंबाथेंबानं गोळा होतो. मग रंगवणारा आणखी रंग थापतो आणि गोंधळ वाढतो. ओल्या फडक्याला किंचित साबण लावून तोंड पुसावं, साध्या पाण्यानं पुन्हा पुसावं, वाळू द्यावं, मग सुरुवात करावी. काजळ असेल तर तेही काढावं. पावडर लावू नये, तिच्यावर रंगाची खपली धरते.

तेल आणि पाण्याचं हे वैर चिऊ-काऊच्या गोष्टीत मात्र फार उपयोगी पडतं. उजव्या गालावर कावळ्याचं शेणाचं घर पाण्याच्या तपकिरी रंगानं काढा. डाव्या गालावर चिमणीचं मेणाचं घर, ते कातडीसाठीच्या तेलकट, मेण घातलेल्या नाटकी रंगानं. शाळेतला मेणखडू इथे चालणार नाही. दोन्ही घरं डोळ्यांपासून दोन बोटं खाली. मग पाऊस येतो. पोरानं डोळे मिटून मान थोडी पुढे झुकवायची, गळ्याभोवती पंचा, आणि ओला स्पंज दोन्ही गालांच्या वर धरून हळूच पिळायचा. घासायचा नाही. कावळ्याचं घर लोकांसमोर ओघळून पंचात उतरतं आणि चिमणीचं जागच्या जागी राहतं, पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळतात. गोष्टीत जे घडतं ते गालावर खरोखर घडतं. हे पाहताना मोठी माणसंही पुढे सरकतात. फसतं ते दोन कारणांनी. एक, शेणाचं घर फार आधी काढलं आणि जाड थर घट्ट वाळला. म्हणून ते पातळ काढावं आणि पावसाच्या दोन मिनिटं आधीच. दुसरं, रंगवणाऱ्यानं तेलकट रंगाचं बोट उजव्या गालालाही लावलं, मग कावळ्याचं घरही पडत नाही आणि पोरं ओरडून सांगतात.

स्वच्छतेचं थोडक्यात. दर पोराला नवा स्पंज, वापरलेले धुवायच्या पिशवीत. कुंचले दोन पाण्यांत, आधी मळक्या, मग स्वच्छ. डोळे आलेलं, खरूज, नायटा किंवा ओठावर फोड असलेलं पोर घेऊ नये. त्याला नाही म्हणून हिरमुसवण्यापेक्षा पडदा धरण्याचं किंवा पाऊस पाडण्याचं काम द्यावं. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला पाचही रंगांचे ठिपके लावून चोवीस तास बघावेत. खाज किंवा लाली दिसली तर तो रंग गाळावा. शिवणकामाची चमकी चेहऱ्याला नको, तिचा कण डोळ्यात गेला की बुबुळ ओरखडतं.

वाघाबद्दल एक गोष्ट रंगांच्या पलीकडची आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात वाघ हा केवळ कथेतला प्राणी नाही. ज्या गावात नुकतंच सरपणाला किंवा मोहफुलांना गेलेलं माणूस वाघानं मारलं आहे, तिथे गुरगुरणारा गमतीचा वाघ रंगवणं बरं नव्हे. जाण्याआधी पोलीसपाटलाला एक फोन करावा आणि शंका असेल तर चिऊ-काऊ सांगून यावं. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्याचं स्थान आहे त्या तारूची, वाघाशी झुंजलेल्या गावप्रमुखाची कथा पुष्कळांना घ्यावीशी वाटते. ती जरूर सांगावी, पण तारूचा चेहरा कोणाच्याही तोंडावर काढू नये. पौषात तिथे जत्रेची आणि नवस फेडण्याची परंपरा आहे. ज्यांचा तो देव आहे त्या गोंड मंडळींना विचारल्याशिवाय त्याचं सोंग करण्याचा अधिकार रंगपेटी हातात आली म्हणून मिळत नाही.

यंदा मंडई समित्यांनी आणि मुख्याध्यापकांनी कार्यक्रमपत्रिकेत पंधरा मिनिटं आणि एक पोर एवढीच जागा ठेवून बघावं, अशी विनंती आहे. बाकीच्या पोरांना रांगेत उभं करून रंगवू नये. त्यांना ध्रुपद द्यावं.

रंग उतरवण्याचं सामानही आधीच भरून ठेवावं, कारण कार्यक्रम संपल्यावर ते कोणालाच आठवत नाही आणि पोर तसंच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घरी जातं. आधी आरसा, पोराला आपलं तोंड पाहू द्यावं. मग गार पाणी आणि सौम्य साबणाचा फेस, बोटांनी गोल फिरवून. खरखरीत पंचानं घासू नये, त्यानं रंग छिद्रांत जातो. तेलकट रंगाला आणि लाल-हिरव्याच्या उरलेल्या छटेला खोबरेल तेल लावून दोन मिनिटं ठेवावं, कापसानं टिपावं, पुन्हा धुवावं. केसांच्या मुळाशी आणि कानामागे बघायला विसरू नये, हिरवा तिथे दोन दिवस राहतो.

आपले,
ब्रह्मपुरी तालुक्यातील काही शिक्षक व रंगभूषाकार
(जि. चंद्रपूर)